व्हेरिकोज व्हेन्स : घोट्यावरची न भरणारी जखम, उभ्याने डॉप्लर आणि आजचे उपचार

इचलची_लेक

हा धागा मुद्दाम काढतेय. पायाच्या फुगलेल्या शिरांबद्दल मराठीत शोधलं की एक तर जाहिराती दिसतात, नाहीतर लेप आणि तेलं. आमच्या घरात हा आजार पार जखमेपर्यंत गेला होता, त्यामुळे जे नीट समजून घेतलं ते इथे लिहून ठेवते. इतरांनी भर घालावी.

अण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी आणि पाळीभर उभं. चालणं म्हणाल तर या मागापासून त्या मागापर्यंत, तुटलेला धागा जोडण्यापुरतं. आमच्या गल्लीत निम्म्या बापयांच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी दिसतात. सगळ्यांनाच असल्यामुळे तो आजार आहे असं कुणी धरतच नाही. अण्णांचा पाय संध्याकाळी जड व्हायचा, रात्री गोळे यायचे, मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, खाज सुटली आणि एके दिवशी तिथे छोटी जखम झाली. ती भरेना. मलमं झाली, साखर तपासली (नॉर्मल होती), ॲंटिबायोटिकचे कोर्स झाले, "रक्त खराब आहे" हेही ऐकून झालं. दिवसाआड ड्रेसिंग चालूच. पायाच्या शिरा तपासा, असं मात्र बराच काळ कुणीच म्हटलं नाही.

शेवटी ज्या सर्जननी त्यांना बरं केलं त्यांनी आधी स्टुलावर उभं केलं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत पाय बघितला. त्यांनी समजावलं ते असं : पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की मोटर बंद होताच पाइपातलं पाणी खाली उतरतं, तसं झडपा निकामी झाल्या की उभं राहिल्या राहिल्या रक्त मागे येतं. घोट्यापाशी दाब साचतो, रक्तातल्या लाल पेशी बाहेर झिरपून कातडीत लोहाचे काळे-तपकिरी डाग पडतात, कातडी कडक होते आणि मग फुटते. म्हणजे जखम घोट्यावर आणि तिचं मूळ जांघेतल्या निकामी झडपेत. वर कितीही मलम लावलं तरी खालचा दाब तसाच.

अण्णांची मांडीतली मुख्य वरवरची शीर रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे आतून उष्णता देऊन, बंद केली, जखमेखालच्या शिरांना फोमचं इंजेक्शन दिलं. भूल फक्त पायापुरती. त्याच दिवशी ते स्वतःच्या पायाने जिना उतरले. पुढे घट्ट पट्ट्या बांधणं चालू राहिलं आणि जखम भरली. आजही भरलेलीच आहे.

माझं म्हणणं एकच : घोट्याच्या आतल्या बाजूची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर कातडीच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारत बसू नका, शिरांची डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. इथे कुणी लेझर, ग्लू वगैरे केलं असेल तर अनुभव सांगा. आमच्या गल्लीतल्या आणखी काही जणांना पाठवायचं आहे, त्यांना काय विचारून यायला सांगू?

लालपरी_वाहक

ताई, फार वेळेवर धागा काढलात. मी एसटीत वाहक आहे. दोन्ही पाय संध्याकाळी लाकडासारखे होतात. उजव्या पोटरीच्या मागे शिरांचा गुंता दिसतो, डावीकडे वरून काही दिसत नाही पण दुखतं. फोनवर जाहिरात बघून एका ठिकाणी गेलो. झोपवून पाच मिनिटं सोनोग्राफी केली आणि दोन्ही पायांना ग्लूचं पॅकेज सांगितलं, या आठवड्यात केलं तर सवलत. टाके नाहीत, भूल नाही, लगेच ड्युटी. खरंच इतकं सोपं असतं का? नोकरी बदलायची सोय नाही.

शल्यक

मी सर्जन आहे, शिरांचं काम रोज करतो. दोघांनाही सविस्तर लिहितो.

वाहकदादा, आधी तुमचं. ही तपासणी झोपवून पुरी होत नाही. झोपलेल्या माणसाच्या पायात रक्त मागे यायला उतारच नसतो. रुग्णाला उभं करायचं, तपासायच्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला सांगायचं, पोटरी दाबून सोडायची आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते बघायचं. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप निकामी. यालाच रिपोर्टमध्ये रिफ्लक्स म्हणतात. दोन पायांचा असा पूर्ण नकाशा काढायला वेळ लागतो. पाच मिनिटांत तो होत नाही.

रिपोर्टमध्ये या गोष्टी असल्याच पाहिजेत : खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का, त्यांत जुनी-नवी गुठळी आहे का, वरवरच्या दोन मुख्य शिरा, म्हणजे जांघेपर्यंत जाणारी मोठी सॅफेनस आणि गुडघ्यामागे संपणारी छोटी सॅफेनस, यांपैकी कुठल्या शिरेत रिफ्लक्स आहे, कुठून कुठपर्यंत, शिरेचा व्यास, आणि वरच्या-खालच्या शिरांना जोडणाऱ्या परफोरेटर शिरांची स्थिती. खोलवरची शीर गुठळीने बंद असेल तर वरवरची फुगलेली शीर हाच रक्ताचा पर्यायी रस्ता असू शकतो. तो बंद केला तर पाय आणखी बिघडेल. म्हणून नकाशाच्या आधी पॅकेज ठरवणं मला मान्य नाही, मग यंत्र कितीही नवीन असो.

आता उपचार. पूर्वी जांघेत काप घेऊन शीर बांधायची आणि तारेने ओढून काढायची, पाठीत भूल देऊन. आजही ते ऑपरेशन चुकीचं नाही, पण पहिली निवड राहिलेली नाही. आता शीर जागेवरच आतून बंद करतात.

रेडिओफ्रीक्वेन्सीत (आरएफ) सोनोग्राफीखाली गुडघ्याजवळ किंवा पोटरीत सुई टोचून बारीक कॅथेटर शिरेत सरकवतात आणि ही शीर जांघेत खोल शिरेला जिथे मिळते त्या जोडापासून त्याचं टोक सुमारे २ सेंटीमीटर अलीकडे ठेवतात. नेहमीच्या कॅथेटरचा तापणारा भाग ७ सेंटीमीटरचा असतो. तो १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, २० सेकंद थांबायचं, मागे ओढायचा, पुन्हा तेच. लेझरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. हल्ली १४७० नॅनोमीटरचा लेझर आणि चहूबाजूंनी किरण टाकणारा तंतू वापरतात, त्याने जुन्या लेझरपेक्षा दुखणं आणि काळं-निळं होणं कमी. या दोन्ही पद्धतींत शीर बंद होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच आहे. लेझर भारी की आरएफ, यावर झोप घालवू नका. डॉक्टरचा हात कशावर बसलाय ते बघा.

दोन्हींत शिरेभोवती भुलेचं पातळ द्रावण भरपूर सोडतात : सलाइन, लिग्नोकेन, थोडं ॲड्रेनलिन आणि सोडा. याला ट्युमेसंट म्हणतात. त्याने दुखत नाही, शीर कॅथेटरवर घट्ट बसते आणि भोवतालची नस (म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू) आणि कातडी भाजत नाही. उपचाराचा निम्मा दर्जा हे द्रावण किती नीट भरलंय यावर असतो, आणि जाहिरातीत त्याचा कधी उल्लेख नसतो.

फोम म्हणजे पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध दोन सिरिंजमधून हवेबरोबर घुसळून केलेला फेस. एक भाग औषध, चार भाग हवा. २००० साली इटलीतल्या तेसारी यांनी ही सोपी रीत मांडली. स्वस्त, भूल नको, वाकड्यातिकड्या आणि जखमेखालच्या शिरांसाठी उत्तम. पण मोठ्या मुख्य शिरेत ती पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त. तपकिरी डाग राहू शकतात, क्वचित थोडा वेळ डोळ्यांसमोर चमकतं. अर्धशिशी असेल तर आधी सांगा.

ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. उष्णता नाही, त्यामुळे ट्युमेसंट नाही, हे खरं आहे. महाग आहे, आणि तो पदार्थ शरीरात राहतो. काहींना शिरेच्या रेषेवर लाल, खाजरी सूज येते. चिकटपट्टीची किंवा नकली पापण्यांच्या डिंकाची ॲलर्जी असेल तर नकोच. योग्य रुग्णाला मीही देतो. दोन्ही पायांना सरसकट देत नाही.

वरून दिसणाऱ्या गाठी २-३ मिलिमीटरच्या छिद्रांतून आकड्याने काढता येतात, टाके लागत नाहीत. स्वित्झर्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट म्युलर यांची ही पद्धत, आणि अजून तिला तोड नाही.

धोकेही सांगतो. गुडघ्याखाली मोठ्या सॅफेनसला चिकटून नस जाते, तिला उष्णता लागली तर घोट्यापर्यंत बधिरपणा येतो, बहुतेकदा काही महिन्यांत कमी होतो. बंद केलेल्या शिरेतली गुठळी जांघेतल्या खोल शिरेत डोकावू शकते, म्हणून साधारण आठवड्यात पुन्हा डॉप्लर करायचीच. ती न सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

निवृत्त_मुख्याध्यापिका

डॉक्टरसाहेब, एक मूलभूत शंका. एवढी लांब शीर जाळून टाकली तर रक्त जायचं कुठून? आणि उद्या ह्यांना बायपास करावी लागली तर पायातली शीर लागते ना? ह्यांच्या मोठ्या भावाची झालेली आहे, म्हणून मनात भीती आहे.

शल्यक

मॅडम, पायातलं सुमारे ९० टक्के रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं. निकामी शीर बंद केली की उलटं येणारं रक्त थांबतं आणि खोलवरच्या शिरांवरचा ताण उलट हलका होतो.

बायपासचा प्रश्न अगदी रास्त. फुगलेली, वेडीवाकडी, झडपा गेलेली शीर बायपासला सहसा घेतच नाहीत. जी शीर चांगली आहे ती मात्र राखली पाहिजे. सरांना हृदयाचा त्रास असेल तर हे आधी सांगा, म्हणजे निरोगी भागाला हात लागणार नाही. हाही नकाशाचा एक उपयोग.

गोदाकाठ

मी थोडं विरुद्ध बोलतो. माझ्या आईचं जुनं ऑपरेशन झालं, काप-टाके सगळं. तिला पुढे कधी त्रास झाला नाही. आता मात्र ओळखीतल्या ज्या-ज्या बाई मांडीवरच्या लाल-निळ्या जाळ्या दाखवायला गेल्या, त्यांना लेझर सांगितलं गेलं. एकीला तर "नाही केलंत तर पाय कापावा लागेल" असं सांगितलं. हा नवा धंदा झालाय. टाक्यांशिवाय होतं म्हणून सगळ्यांनाच करायचं का?

शल्यक

पाय कापावा लागेल हे वाक्य कुणी म्हणालं तर तिथून उठून या. पाय कापण्याची वेळ येते ती बहुतेक वेळा धमनी तुंबल्यामुळे किंवा मधुमेहात चिघळून. तुमचा राग बरोबर आहे.

जगभरात यासाठी सीईएपी नावाची पायरी वापरतात. १ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, २ म्हणजे ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड फुगलेल्या शिरा, ३ सूज, ४ कातडी काळी-कडक, ५ भरलेली जखम, ६ उघडी जखम. पहिल्या पायरीला मुख्य शिरेचं लेझर लागत नाही, दिसायला नको असतील तर साधं इंजेक्शन. दुसरीत त्रास असेल तर विचार करायचा. चौथीपासून पुढे टाळाटाळ करू नये. कागदावर ही पायरी लिहून मागा.

जुन्या ऑपरेशनबद्दलही अनादर नाही. ब्रिटनमधल्या क्लास नावाच्या चाचणीत फोम, लेझर आणि ऑपरेशन यांची तुलना झाली. ५ वर्षांचे निष्कर्ष २०१९ साली आले. या आजारापुरती आयुष्याची गुणवत्ता लेझर आणि ऑपरेशन या दोन्ही गटांत फोमपेक्षा चांगली राहिली. लेझरचा फायदा हा की भूल, काप आणि विश्रांती कमी.

गोदाकाठ

हे पटलं. पायरी लिहून मागायची, हे त्या बाईंना कळवतो.

लेस्टरकर

मी मूळची साताऱ्याची, इथे इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. पायांच्या जखमांच्या दवाखान्यात काम करते. इचलची_लेक, तुझ्या अण्णांसारखे रुग्ण मी रोज बघते, म्हणून पट्टीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शिरेच्या जखमेचं खरं औषध दाब. घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा. आपल्याकडे ड्रेसिंगवर साधी क्रेप पट्टी गुंडाळतात. ती दुपारपर्यंत सैल होते आणि तिचा उपयोग संपतो. चार थरांची पट्टी किंवा कमी ताणणारी पट्टी शिकलेल्या हाताने बांधली तर ती आठवडाभर टिकते. झिंक ऑक्साइडच्या लेपाची उन्ना पट्टीही चांगली.

पण पट्टी बांधण्याआधी पायाची धमनी तपासलीच पाहिजे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ०.८ किंवा वर असेल तर पूर्ण दाब देता येतो. ०.५ च्या खाली असेल तर दाब द्यायचा नाही, रक्तपुरवठाच तुटेल. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे हमखास बघा. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे आकडा खोटाच जास्त येतो, तिथे आकड्यावर विसंबू नका. मागवाल्यांत तंबाखू-विडी किती चालते ते तुला माहीत असेलच.

पूर्वी इथेही आधी पट्टीने जखम भरू द्या, शीर नंतर बघू, अशी रीत होती. २०१८ साली एव्रा चाचणी प्रसिद्ध झाली, ४५० रुग्णांची. पट्टीबरोबरच लवकर शीर बंद केलेल्या गटात जखम भरायचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांची जखम जितक्या दिवसांत भरली तो) ५६ दिवस, शीर उशिरा बंद केलेल्या गटात ८२ दिवस. माझ्या रुग्णांपैकी काहींना जखमेच्या वासामुळे लग्नाकार्याला जाववत नसतं, नातवंडं जवळ आली तर ते पाय आत ओढून घेतात. त्यांच्यासाठी हे २६ दिवस फार मोठे असतात.

आणि इथल्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत क्रम स्पष्ट आहे : आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर ऑपरेशन. नुसते दाबाचे मोजे कायमचा उपचार म्हणून तेव्हाच, जेव्हा यांतलं काहीच शक्य नसेल.

इचलची_लेक

ताई, क्रेप पट्टीचं अगदी खरं. अण्णांची पट्टी संध्याकाळी घोट्यावर गोळा होऊन बसायची. आणि विडीचंही खरं. गल्लीतल्या सगळ्यांना डॉप्लर धमनी आणि शीर दोन्हींची करा, असंच लिहून देते.

सड्यावरची

एक गोष्ट इथे यायलाच हवी, म्हणून लिहितेय. आमच्याकडे कोकणात माझ्या आत्याच्या घोट्याजवळची फुगलेली शीर गरम पाण्याने आंघोळ करताना फुटली. रक्ताची चिळकांडी उडाली. न्हाणीघरातून तिला बाहेर आणून खुर्चीत बसवलं आणि कुणीतरी गुडघ्याखाली टॉवेल आवळून बांधला. रक्त थांबायच्या ऐवजी वाढलं. उपकेंद्रातल्या नर्सबाई शेजारीच राहतात, त्या धावत आल्या. टॉवेल सोडला, आत्याला जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर उंच ठेवला आणि स्वच्छ फडक्याने नेमक्या जागी अंगठा दाबून धरला. थोड्या वेळात रक्त थांबलं. आत्या वाचली.

शल्यक

सड्यावरची, ही माहिती या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची आहे. वर आवळून बांधलं की शिरेतून वर जाणारं रक्त अडतं, पण धमनीतून खाली येणारं चालूच राहतं, म्हणून रक्तस्राव वाढतो. आडवं करा, पाय हृदयापेक्षा उंच करा, जागेवर दाबा. बसवू नका, उभं करू नका, बांधू नका. यातून माणसं दगावलेली आहेत, आणि केवळ पाय वर केला असता तर ती वाचली असती.

घोट्याजवळ पातळ कातडीखाली काळा-निळा फुगवटा दिसत असेल तर तो फुटण्याआधी दाखवा. एकदा रक्त आलेल्या रुग्णाला आम्ही थांबवत नाही, लवकरात लवकर उपचार करतो.

रानजाई

मला सातवा महिना चालू आहे. दोन्ही मांड्यांवर आणि गुप्तांगाजवळ शिरा फुगल्यात. सासूबाई म्हणतात बाळंतपणानंतर जातात. धाग्यातलं वाचून घाबरले.

शल्यक

घाबरू नका. सासूबाईंचं बरंचसं बरोबर आहे. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, संप्रेरकांनी शिरा सैल होतात आणि गर्भाशयाचा दाब येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ कमी होतं. आता कुठलंही लेझर, फोम नाही. डाव्या कुशीवर झोपा, पाय उंचावर ठेवा, तुमच्या डॉक्टरांना विचारून मोजे घाला. फक्त एकच पाय अचानक सुजला, दुखला, गरम लागला तर त्याच दिवशी दाखवा. ती खोल शिरेतली गुठळी असू शकते आणि गरोदरपणात तिचा धोका जास्त असतो.

वैद्य_पेठेतली

जळवांबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात सिराज ग्रंथीचं, म्हणजे शिरांच्या गाठीचं, वर्णन आहे, म्हणजे हा आजार आपल्या वैद्यांना अपरिचित नव्हता. जखमेभोवतीची सूज आणि ठणका यांसाठी मी जळवा लावते, रुग्णांना आराम पडलेला पाहिला आहे. पण जांघेतली झडप जळवेने दुरुस्त होत नाही, आणि तसं मी कुणाला सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्यालाही मी आधी डॉप्लरला पाठवते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जळवा नाहीत.

शल्यक

वैद्यताई, अशा वैद्य प्रत्येक पेठेत हव्यात. आमच्याकडच्या डायोस्मिनच्या गोळ्यांचंही तसंच आहे. जडपणा, सूज कमी होते, झडप जुळत नाही.

क्लेमखिडकी

विमा दाव्यांचं काम करते, थोडक्यात लिहिते. बहुतेक आरोग्य पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला ठरावीक प्रतीक्षा काळ असतो, आरोग्य संजीवनी या पॉलिसीत तो २४ महिने आहे. पॉलिसी घेतल्या घेतल्या दावा टाकू नका. कागदांत रिफ्लक्स असलेली शीर, सीईएपी पायरी आणि त्रास स्पष्ट लिहिलेला असावा, नाहीतर "सौंदर्योपचार" म्हणून नाकारतात. जखमेचे तारखेसह फोटो जोडा. आधी मंजुरी घ्या, आणि ग्लू करणार असाल तर तो धरतात का हे लेखी विचारा. बिलात कॅथेटर किंवा तंतू हा सर्वांत मोठा आकडा असतो. तो एकदाच वापरायचा असतो, म्हणून त्याच्या पाकिटावरचा स्टिकर बिलाला लावून मागा. सरकारी योजनेतून करायचं असेल तर महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कुठली प्रक्रिया बसते ते त्यांच्याकडून आधी कळून घ्या.

लालपरी_वाहक

मंडळी, सांगितल्याप्रमाणे दुसरीकडे उभ्याने डॉप्लर केली. बराच वेळ लागला. रिपोर्ट असा : खोलवरच्या शिरा दोन्हीकडे मोकळ्या. उजवीकडे छोट्या सॅफेनसमध्ये रिफ्लक्स, मोठी ठीक. डावीकडे कुठेच रिफ्लक्स नाही. म्हणजे डाव्या पायाला काही करायचंच नव्हतं! तिथले डॉक्टर म्हणाले की डावीकडचं दुखणं कमरेतून येत असावं. उजवीकडे आरएफ सुचवलंय. धमनीही तपासली, ठीक आहे. शल्यकसाहेब, करू ना? आणि ड्युटीचं काय?

शल्यक

दादा, रिपोर्ट नीट केलेला दिसतो. गाठी आहेत, त्रास आहे, तर उजवा पाय करून घ्या. छोट्या सॅफेनसच्या बाजूनेच सुरल नावाची नस जाते, विशेषतः पोटरीच्या खालच्या भागात. म्हणून सुई किती खाली टोचणार आणि ट्युमेसंट भरणार ना, एवढे दोन प्रश्न त्यांना विचारा. डावा पाय दाखवायला अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, कमरेचं बघतील.

उपचारानंतर लगेच चालायचं, दिवसभर झोपून राहायचं नाही. मांडी-पोटरीत काही दिवस दोरी ओढल्यासारखं वाटतं, ते अपेक्षित आहे. ड्युटी काही दिवसांत सुरू करता येते, पण पहिले चार आठवडे लांब पल्ल्याची गाडी टाळता आली तर टाळा. गाडीत उभं राहावं लागतं तेव्हा टाचा वर-खाली करत राहा, गाडी स्टँडवर लागली की चार फेऱ्या मारा. दोन पावलं चाललं तरी पोटरीचा पंप चालतो. निश्चल उभं असताना घोट्याच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी पायात चालताना तो ३० च्या आसपास उतरतो.

लालपरी_वाहक

करून घेतो साहेब. आमच्या डेपोत असे पाच-सहा जण आहेत, त्यांनाही हा धागा दाखवलाय. शेवटचा प्रश्न : मोजे कुठले घेऊ? मे महिन्यात गाडीत इंजिनाची ऊब असते, लांब मोजा सहन होणार नाही.

लेस्टरकर

दादा, पोटरीच्या शिरेला गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो, मांडीपर्यंतचा नको. दुसऱ्या वर्गाचा म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पारा दाबाचा मोजा डॉक्टरांना विचारून घ्या, पुढून बोटं उघडी असलेला. माप सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आधी द्यायचं : घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत उंची. दुकानदार नुसता बुटाचा नंबर विचारून मोजा देत असेल तर घेऊ नका. चढवताना पावलावर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, मोजा सरसर वर जातो, मग पुढच्या उघड्या तोंडातून पिशवी ओढून काढा. वर दुमड पडू देऊ नका, तिथे मोजा पायात रुततो. रात्री काढून ठेवा, साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, तेव्हा नवा घ्या.

इचलची_लेक

मोज्यांच्या दोन जोड्या घ्या दादा, पावसाळ्यात वाळत नाहीत. आमच्या गल्लीतल्या तिघांची या रविवारी कोल्हापूरला उभ्याने डॉप्लर ठरली आहे. रिपोर्ट आले की इथे टाकते. शल्यकसाहेब, तेव्हा पुन्हा त्रास देईन.